जमिनीपासून सीटपर्यंत

चार रविवार झाले, सुमेध,
आपण दुसऱ्यांच्या मालकीच्या गाड्यांत बसून बघतोय.
माजिवड्याच्या शोरूममधली निखत आता विचारतही नाही,
बिनसाखरेचा चहा तुझ्यासमोर ठेवते
आणि बिस्किटं माझ्यासमोर.

लाल छोटीत मी बसले तेव्हा तू म्हणालास, शोभतेस.
शोभणं हा रकाना आपल्या तक्त्यात नव्हता.
होते ते असे : हप्ता, विमा, मायलेज, एअरबॅगा,
घोडबंदरला कंटेनरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात
डाव्या पायाचं जे काय होतं ते,
आणि सोसायटीच्या दुमजली पार्किंगची उंची.
पंधराशे पन्नास. मिलिमीटर.
एक जरी जास्त झाला तरी वरची गाडी
तुमच्या टपावर मांडी घालून बसेल,
असं सेक्रेटरी कर्णिक सांगतात,
एका तळव्यावर दुसरा तळवा दाबून.

निखत म्हणाली, डिकीत तीन मोठ्या बॅगा मावतात.
आपल्याकडे एकच आहे,
लग्नात मावशीने दिलेली, जिचं एक चाक
चिपळूण स्टेशनवर राहिलं.
मी विचारलं, गॅसचा सिलिंडर?
ती हसली. मी गंमत करत नव्हते.

मायलेजच्या हिशोबात तू लिहिलंस :
ऐरोली, रोज.
चिपळूण, माझं माहेर, वर्षातून तीनदा.
कळवा लिहिलं नाहीस.
कळवा तर खाडीच्या पलीकडेच, जाऊन-येऊन बावीस.
मीही बोलले नाही,
पेट्रोलचा भाव तेवढा पुन्हा एकदा तपासला.

मग गेल्या रविवारी येऊरच्या चढावर नेऊन आणली
ती डब्यासारखी उंच गाडी,
जिला तूच म्हणायचास दूधवाल्याची.
उतरलास. मागचं डावं दार उघडलंस,
खिशातून माझी शिवणाची टेप काढलीस
आणि एक गुडघा फरशीवर टेकून मोजलंस
जमिनीपासून सीटपर्यंत.

हे कशासाठी, सर? निखतने विचारलं.
हा आकडा त्यांच्या पुस्तिकेत नसतो.
गुडघ्यासाठी, तू म्हणालास.
तिने तुझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

चौदा महिन्यांत आई आपल्या घरी आल्या नाहीत.
आधी माझं आडनाव आडवं आलं, मग गुडघा.
आता लोकांना सांगायला गुडघाच बरा पडतो,
त्यांनाही, आपल्यालाही.
लाल छोटीत बसायचं म्हणजे
विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं खाली जायचं.
डब्यात नुसतं टेकायचं आणि वळायचं,
ओटीवरच्या खुर्चीत बसतात तसं.

पण डबा सोळाशे सत्तर.

तू तक्ता मिटलास. रात्री दीडला परत उघडलास,
उजेड माझ्या पापण्यांवर आला.
सकाळी मीच गेले बी विंगच्या देवस्थळींकडे.
शिरीषाखालची त्यांची उघडी जागा,
कावळ्यांनी त्यांची नवी गाडी पार सजवून टाकलेली.
त्यांना हवं होतं छप्पर,
आम्हाला हवं होतं आभाळ, निदान बारा सेंटिमीटर.
अर्ज मी लिहिला.
कर्णिकांनी शिक्का उलटा मारला, पण मारला.

अकरा हजार भरले. रंग पांढरा,
कारण पांढरी लवकर मिळते. लवकर म्हणजे सहा आठवडे.
पांढऱ्यावर कावळ्यांचं दिसत नाही, असंही तू म्हणालास.
दिसतं रे.

काल जेवल्यावर खाली गेलो, त्या रिकाम्या चौकोनात.
कुंपणाची भिंत जवळ आहे,
मागचं दार पुरतं उघडेल का ते बघायला.
तू हवेतलं दार उघडलंस.
भिंतीपर्यंत एक वीत उरली.
आणि मग, मी बघतेय हे विसरून,
तळहात पालथा करून वर धरलास,
जिथे टपाची कड येईल तिथे,
आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून.

बराच वेळ धरलास.
गेटवरून वॉचमनने टॉर्च मारला,
विचारलं, काय हरवलं का साहेब?