तीन महिने उशिरा

ऐरोली, सेक्टर आठ. माझं पार्लर दोन खुर्च्यांचं,
तिसरी मोडकी, तिच्यावर टॉवेल वाळतात.
मंगळवारी दुपारी ती आली
आणि पर्समधून बँकेचं पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं.
"कालचे," म्हणाली. "एकशे अडतीस. मोजलेत."
नाव-पत्ता दिसायच्या खिडकीतून
केसांचं गुंतवळ दिसत होतं.

मी पाकीट टॉवेलवर उलटं केलं, चष्मा लावला,
एक केस उजेडात धरला.
टोकाला खसखशीहून बारीक पांढरं बोंड.
हे बघ, म्हटलं, हा तुटलेला नाही.
तुटलेल्याला बोंड नसतं, शेवट फाटलेला असतो झाडूच्या काडीसारखा,
तो गुन्हा बोअरच्या पाण्याचा, गरम इस्त्रीचा,
ओल्या केसात घाईने ओढलेल्या कंगव्याचा.
हा मात्र मुळातून, स्वतःच्या पायाने निघालाय.

तिने सगळं करून पाहिलं होतं:
कांद्याचा रस, जास्वंद, तांदळाचं पाणी,
आणि आठशेची ती बाटली
(माझ्याही फळीवर आहे, खोटं कशाला बोलू).
मी म्हटलं, कातडीबाहेर आला की केस मेलेलाच असतो,
तेल त्याला मऊ करतं, पोसत नाही.
मेलेला म्हटल्यावर
तिने आरशातून नजर काढून घेतली.
मला तेव्हा कळलं नाही.

केसाला बातमी उशिरा पोचते.
ताप येतो, उतरतो, माणूस पुन्हा डबा घेऊन कामाला लागतं,
आणि तीन महिन्यांनी केसाला कळतं
की घरात काहीतरी झालं होतं.
म्हणून मी सगळ्यांना विचारते, तिलाही विचारलं,
"तीन-चार महिन्यांमागे काय झालेलं गं?"

शेजारच्या खुर्चीत दिवा कोळीवाड्यातली चांगुणा,
डोक्यावर मेंदीचा चिखल.
जन्मभर आवळून अंबाडा बांधला,
कपाळ दोन बोटं वर चढलंय तिचं.
तीच मधे बोलली,
"बालंतीन हाय ना गो तू?
पोर हसाला लागला का आयचं केस जातान.
हसतंय ना?"

"नाही," ती म्हणाली.
एवढंच.
पंखा फिरत राहिला. चांगुणाने मेंदीचा ओघळ
कानावरून पुसला, पुन्हा पुसला.

केसांना कुणी सांगितलेलं नसतं.
पाहुणा येणार म्हणून सात महिने
जाणारेसुद्धा थांबून राहतात,
मग एकदम निघतात सगळे,
कोण आलं, कोण नाही, न बघता.

मी भांग पाडला. कानशिलापाशी
आरसा धरून दाखवलं:
एवढे एवढे, ताठ, बोटभरही नाहीत,
बसता बसेनात. हे नवीन.
रक्तातलं लोह तपासून घे, म्हटलं, रिपोर्ट डॉक्टरला दाखव,
वेणी सैल घाल, पोटात डाळ जाऊ दे, अंडं जाऊ दे,
आणि मोजू नकोस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग,
"महिन्याला किती वाढतो?"
सेंटिमीटरभर. कधी थोडा जास्त.
तिने एक बट पुढे घेतली,
मुळापासून दोन बोटं सोडली
आणि त्याखाली चार बोटं टेकवली.
"म्हणजे हा एवढा?"
हो, म्हटलं. तेव्हाचा.

"हा कापू नका."
तिथवर कात्री पोचायला अजून वर्षं आहेत बाई,
हे मी बोलले नाही.
खालची फाटकी टोकं तेवढी उतरवली,
साठ रुपये घेतले, सुट्टे दिले.

पाकीट ती विसरली की ठेवून गेली,
ठाऊक नाही.
दार लागल्यावर चांगुणा म्हणाली,
"मना काय म्हाईत गो."
मग थोड्या वेळाने,
"माजी मेंदी धू आता. सुकली."