कृपेचं पहिलं अक्षर

व्हाइस स्ट्रीटवर, बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्याच्या वर
माझं टेबल उत्तरेच्या खिडकीला आहे.
बर्मिंगहॅमचा उजेड तसा कंजूष, पण खरा.
नसलेली चमक कशालाच देत नाही.

लोक पाकिटातून आणतात:
पाठीवर ब्रोचच्या टाचणीचा डाग असलेला फ्लोरिन,
नांगराने दुमडलेला ग्रोट,
ब्रासोने घासघासून चेहरा घालवलेली पेनी
("स्वच्छ केली हो मी," म्हणतात.
मी काय बोलणार?)

ऑलर्टनने आणला तो राणी अ‍ॅनचा क्राउन, सतराशे सातचा.
वरच्या कडेला भोक. कुणीतरी गळ्यात घातला असणार.
कडेने लॅटिनमध्ये 'देवाच्या कृपेने',
आणि भोकात गेलेलं नेमकं
कृपेचं पहिलं अक्षर.

बाबा सावंतवाडीला बाळांचे कान टोचायचे.
भोकं पाडणं हा आमचा घरचा धंदा.
मी बुजवते.

तीन आठवडे गेले.
त्याच काळातल्या झिजक्या शिलिंगातून चांदी कापली,
गुंडी बसवली, लेझरचे टाके, एकेक, श्वास धरून.
मग भिंगाखाली अक्षर.
शेवटी गंधकाच्या पाण्याचा हात
(नासक्या अंड्याचा वास दोन दिवस भाताला येत होता)
आणि तीनशे वर्षांची काळोखी
एका दुपारीत उतरली.

पावतीवर नेहमीसारखं लिहिलं:
भोक बुजवलं. अक्षर नव्याने कोरलं. विकताना सांगावं.
ऑलर्टनने पावतीची चौघडी केली.
"अर्थातच," म्हणाला.

ऑक्टोबरात, वॉल्सॉलच्या चर्चच्या हॉलमध्ये,
रविवारच्या बाजारात तो पुन्हा दिसला.
मखमलीवर. मूळ स्थितीत. नऊशे पौंड.
अक्षराची शेपटी केसभर बाहेर गेलेली.
त्या दिवशी खाली अ‍ॅम्ब्युलन्स ओरडली होती
आणि मनगट दचकलं होतं.

समोर मिस्टर टिमिन्स, निवृत्त पोस्टमन,
बोटाला थुंकी लावून नोटा मोजत होते.
पत्रं वाटायचे तशाच सवयीने.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात मूठ माझीच.
खरं सांगते, आधी अभिमान वाटला:
इतक्या जाणकारांत कुणालाच कळलं नव्हतं.
तो अर्धा मिनिट टिकला,
म्हणजे बराच वेळ.

मग म्हटलं, "यातलं एक अक्षर माझं आहे."

त्यांनी भिंग लावलं. खूप वेळ.
"दिसत नाही."
"दिसू नये असंच केलंय."
"मग बिघडलं काय?"

उत्तर सापडेना.
क्राउन बोटाच्या टोकावर तोलला, पेन्सिलीने टिचकी दिली.
शेजारच्या ट्रेमधल्या दुसऱ्या एकालाही दिली.
तो लांबवर वाजत गेला.
माझा वाजला, आणि पायरी चुकल्यासारखा थांबला.
टिमिन्सनी पुन्हा वाजवायला लावला.
पुन्हा एकदा.
ऑलर्टन चहाच्या रांगेकडे बघत होता.

घेतला त्यांनी तोच. दोनशे चाळीसला.
"कार्डावर लिहून द्या," म्हणाले,
"माझ्यानंतर मुलगी विकेल, तिला माहीत असावं."
लिहिलं. "आणि सही?"
सहीसुद्धा केली.
एकवीस वर्षांत माझ्या कामावर माझं नाव
पहिल्यांदा.

ऑलर्टनची पाकिटं थांबलीत.
ऑलर्टनच्या मित्रांचीही.
नोव्हेंबरचं भाडं डिसेंबरात देते, असं सांगून ठेवलंय.

काल एक बाई आली, रुमालात सहा पेन्सचं नाणं,
दोनदा वाकवलेलं, जुन्या काळी प्रेमात वाकवायचे तसं.
"सरळ करू नका," म्हणाली.
"फक्त सांगा, मुद्दाम वाकवलंय
की असंच कुठे चेपलं गेलं?"

मी दिवा जवळ ओढला.