बोअर क्रमांक सात

नव्या ग्रंथालयाच्या पायासाठी
जमिनीत नळी घातली, ती तीन दिवस
खाली जात राहिली.
मी हरेश्वर पोशा मढवी, भूशास्त्र विभागाचा शिपाई.
लांबट लाकडी पेट्यांत
निघेल तो तुकडा क्रमाने मांडायचा,
वर चिठ्ठी लावायची.

शून्य ते तीन मीटर : भराव.
पारसिकच्या डोंगराची खडी, विटांचे तुकडे, एक चप्पल.
चप्पल चिठ्ठीवर लिहायची नसते.
त्याखाली मिठाचा पापुद्रा, नखाएवढा.
जिभेला लावला. कुणी पाहिलं नाही.
मग काळा चिखल,
ज्याला मॅडम म्हणतात सागरी गाळ
आणि आम्ही म्हणायचो चिंचखार,
सात-बारावर पावणेदोन एकर.
पैसे आले तेव्हा बापाने घरावर पत्रे घातले,
उरल्यात थोरलीचं लग्न.

सव्वापाच मीटरवर नळी अडली.
लाकूड. काळं, पाणी प्यायलेलं, कडेला खाच.
खाच मी ओळखली : उघाडीची फळी.
भरतीला लावायची, ओहोटीला काढायची.
बाप रात्री-अपरात्री कंदील घेऊन
बांधावरून जायचा तो हिच्यासाठी.
मॅडमना सांगितलं, ही आमची आहे.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तपासू.

सहा महिन्यांनी अहवाल आला :
चारशे वर्षं, अधिक-उणे चाळीस.

म्हणजे बापाची नाही.
आज्याचीही नाही.
ज्याची, त्याचं नाव आमच्यात कुणाच्या तोंडी नाही.
त्यालाही झोपेतून उठावं लागायचं,
पाण्याच्या वेळेला,
एवढंच.
मी म्हटलं, चुकलो मॅडम.
त्या म्हणाल्या, चुकला नाहीत, कमी सांगितलंत.

अठरा मीटरवर पाषाण लागला.
तोही एकेकाळी वाहता होता म्हणे, लालभडक.
त्या पेटीवर चिठ्ठी लावताना
मी हात जरा लांबूनच नेला.

आता ग्रंथालय उभं आहे. तळघरात पार्किंग.
पुनवेच्या उधाणाला लिफ्टच्या खड्ड्यात
वीतभर पाणी चढतं.
वॉचमन पंप लावतो, इंजिनीअरला फोन करतो.
इंजिनीअर पावसाला बोल लावतो,
मे महिन्यात.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो
आणि निघताना वॉचमनला सांगून ठेवतो :
आज जागा राहा.
साडेबाराच्या सुमारास येईल.