हजाराचं माप

नववीचं पुस्तक, धडा तिसरा.
एकतीस वर्षं शिकवला मी हा, निपाणीत.
तुरुंग फुटतो, राजा पळतो, डोकं पडतं,
खाली पाच गुणांना: कारणे सांगा.

यंदा वर्गात अकरा पोरं.
खिडकीतून तंबाखूचा खकाणा,
शिंक आली की क्रांती थांबते.
ऐनुद्दीन मुल्ला उठतो,
"बाई, त्या दिवशी राजा काय करत होता?"
रोजनिशी लिहीत होता, म्हटलं. एकच शब्द:
काही नाही.
शिकार मिळाली नव्हती.

पोरं हसली. मला आठवली
वडिलांची वखारीतली चोपडी,
छप्पन साल, एक नोव्हेंबर, गुरुवार:
"अकोळहून चार गाड्या. एक पोतं ओलं. विशेष नाही."
झोपलो तिथंच होतो,
राज्य तेवढं उशाखालून गेलं.

तिकडंही प्रांत मोडून जिल्हे पाडले,
महिन्यांना नवी नावं दिली, धुक्याचा, बर्फाचा,
आठवडा दहा दिवसांचा केला.
बैलांना कुणी विचारलं नाही.
एवढा भाग आम्ही पाठ केला.
पाटीवर डांबर, डांबरावर चुना, परत डांबर.
वातावरण तापलं की एसटी कोगनोळीला थांबते,
माणसं पिशव्या घेऊन चालत हद्द ओलांडतात
आणि पलीकडं तोच चहा पितात.

पण धड्यात एक चौकट आहे,
बारीक टाईपात, परीक्षेला नसलेली:
दर जहागिरीची पायली वेगळी,
घेताना मोठी, देताना लहान.
लोकांनी अर्जात मागितलं होतं,
माप एक करा.

माझी आई शालन आणि शेजारची बाळव्वा
गुडघ्याला गुडघा लावून विड्या वळायच्या.
एक मराठीत शिव्या द्यायची, एक कानडीत.
मुकादम दोन्ही समजायचा.
त्याचा हजार अकराशेचा.
शंभर छाट म्हणून बाजूला काढायचा
आणि छाट तोच विकायचा.

पाटीच्या भांडणात भाऊ डोक्याला तीन टाके घेऊन आला,
त्या रात्री गल्लीनं त्याला हार घातला.
आईनं हळद लावली,
विचारलं, "आन् हजाराचं काय ठरलं?"
भावाला प्रश्नच कळला नाही.
मलाही, तेव्हा.

"बाई, चौकट लिहून घ्यायची?"
घे, म्हटलं.
ऐनुद्दीननं शीर्षकाखाली रेघ मारायला पट्टी काढली,
तुटकी,
तीनपासून सुरू होणारी.