पोटात घालणे

हॉलचा हीटर खोकत होता, बाहेर डरहमचा बर्फ.
टिपणीसबाईंनी तळहातावर तिळाची वडी ठेवली
आणि विचारलं, "पोट कापून घेतलंस म्हणे?"
गोड बोला म्हणायचं राहूनच गेलं.

मग सगळ्याच बोलल्या.
एकीची नणंद रोज पाच मैल चालून उतरली,
एकीने रात्रीचा भात सोडला.
"मनावर घेतलं की होतं गं."
"शॉर्टकट तो शॉर्टकट."
"आणि सरकारी खर्चाने? म्हणजे आमच्या टॅक्समधून?"
हे विचारणाऱ्या बाईंच्या दोन्ही नातवंडांचा जन्म
कुठल्या हॉस्पिटलातला, ते मी विचारलं नाही.

मनावर घेत होते की. वीस वर्षं
मनावरच घेत होते सगळं.
त्याचा काटा कुणाच्या बाथरूममध्ये नसतो.

सोपं होतं, हो.
आधी दोन आठवडे नुसतं दूध.
सही केली त्या कागदावर मरणाचीही एक ओळ होती,
उदयने ती चष्मा पुसून दोनदा वाचली.
जाग आली तेव्हा खिडकीत एक सीगल
माझ्याकडे बघत काहीतरी गिळत होता.
मग वरणाचं वरचं पाणी. घोट. थांब. घोट.
तिसऱ्या महिन्यात न्हाणीच्या जाळीत
मूठभर केस, माझेच.
गोळ्या जन्मभर.

आणि त्याआधीचं?
जिन्याच्या सातव्या पायरीवर
फोन बघायचं सोंग घेऊन थांबणारी बाई
कुणाला आठवत नाही.
रात्री मास्क लावून झोपणारी
तर कुणी पाहिलीच नाही.

फार्मसीत मॉरीन मात्र रोज म्हणते, "ऑलराइट, पेट?"
सन्डरलंडमध्ये सगळ्यांनाच पेट म्हणतात, लाडाने.
हिंदीत ऐकलं तर पोट.
आणि मला ऐकू येते मिरजेची न्हाणी,
बंबातल्या ओल्या ढलप्यांवर फुंकर घालत आई:
पेट, मेल्या, पेट.

तिनेच शिकवलं होतं,
कुणी बोललं तर पोटात घालावं.
घातलं.
लग्नात मामेसासऱ्यांचं "मांडव मजबूत बांधा रे" घातलं.
विमानात शेजारच्याचा सुस्कारा,
दुकानातल्या पोरीचं "तुमच्या मापात नाही येत",
गुडघा दाखवायला गेले तर
गुडघा न बघताच डॉक्टरांचं "कमी खा".
सगळं मावत गेलं.
लोक म्हणायचे, काय खाते ही?
हे खात होते.

आता सर्जनने मोजून ठेवलंय, एका लहान वाटीएवढं.
टिपणीसबाई, तुमचं वाक्य त्यात बसत नाही.
ठेवा ते तिकडे, वाणाच्या डब्यांशेजारी.
एवढं सगळं मनात.
तोंडाने म्हटलं फक्त, "हो, कापून घेतलं,"
आणि वडीचा कोपरा मोडून खाल्ला.
त्याहून जास्त झालं तर घाम फुटतो, छाती धडधडते.
उरलेली टिश्यूत बांधली.

एकच वाक्य आत राहिलंय.
फोनवर आई रागावली नव्हती.
"म्हणजे आता माझ्या हातचं..." म्हणाली
आणि पुढे नुसता मिरजेचा पंखा ऐकू येत राहिला.
महिन्याने पार्सल आलं.
जुन्या साडीच्या तुकड्यात
माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी,
चिंचेने घासलेली, काठाला दुधाच्या दातांचे पोचे.
चिठ्ठी नव्हती.
रोज त्यातच जेवते. मऊ भात, दोन चमचे.
उरतोच.

शेवटी हॉलच्या स्वयंपाकघरात
कप विसळताना मृण्मयी शेजारी आली,
जाड स्वेटर, बाह्या ओढून मनगटापर्यंत.
तिने नळ मोठा सोडला,
आवाज बुडेल इतका,
आणि सिंककडे बघत विचारलं,
"खूप दुखतं का?"

मी नळ तसाच वाहू दिला
आणि सांगायला लागले.