चोळू नका

लॅबच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
'टोचते' म्हणायचं नाही.
'एक छोटासा प्रिक होईल, सर' म्हणायचं, हसून.
इंग्रजीत टोचलं की कमी दुखतं
अशी वरच्यांची समजूत असावी.

सकाळी सव्वासहा, फणसवाडी.
दारांच्या कड्यांना दुधाच्या पिशव्या.
एक कावळ्यानं टोचलीय,
बारीक धार जिना उतरतेय
पायरीपायरीवर थांबत, गुडघे असल्यासारखी.
त्यानं काही आधी सांगितलं नसणार, प्रिक वगैरे.

तिसरा मजला. दत्ताराम कारेकर, वय एक्याऐंशी.
उपाशीपोटी साखर, शिवाय क्रिएटिनिन.
दंडाला पट्टा आवळला तसं
म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.
"काका, एक छोटासा प्रिक—"
"टोचणार ना? मग टोचते म्हण.
आख्ख्या गिरगावचे कान टोचलेत मी,
बारशाच्या पोरींपासून उपनयनाच्या पोरांपर्यंत.
आणि सुई बघवत नाही मला. हसू नको."

मी हसले नव्हते. शीर सापडत नव्हती.
बोटानं चाचपत होते, दोरी हरवलेल्या माणसासारखी.
ते भिंतीशी बोलत राहिले:
आधी कुंकवाचा ठिपका. दोन्हीकडे एका रेषेत.
मग आईला सांगायचं, तू बाहेर जा.
तार खोबरेलात बुडवायची.
पोर श्वास आत घेतं ना, तेव्हा नाही,
सोडतं तेव्हा.
"हात कापला की ते टोचणं राहत नाही,
भोसकणं होतं."

मग मान वळवून माझ्या कानाकडे बघितलं.
"डावं वर चढलंय. कुणी केलं?"
दादरला, मॉलमध्ये, बंदुकीनं, म्हटलं.
"बंदुकीनं," ते म्हणाले,
आणि बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

सापडली. श्वास सोडला त्यांनी, मी टोचलं.
नळीत रक्त चढू लागलं, काळपट, सावकाश,
त्याला कुठली घाई.

"सोनारानं कान टोचावे म्हणतात,"
ते नळीकडे बघत म्हणाले,
आता भिंतीची गरज नव्हती त्यांना.
"म्हणून मीच टोचले. आमच्या यशवंताचे.
दुकान विकायच्या दिवशी, चार माणसांत.
खरं तेच बोललो. एक शब्द खोटा नव्हता.
तो आता विरारला असतो.
नातीचे कान दुसऱ्याकडून टोचून घेतले त्यांनी,
मला फोटो आला."

काय बोलायचं असतं अशा वेळी
ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
मला आठवली गेल्या गणपतीतली मी,
वहिनीला सगळ्यांसमोर म्हणालेली,
तुझ्या माहेरच्यांना सवयच आहे मागायची.
मोदकाची पारी वळत होती ती.
पारी फाटली. तिनं ती मोडून पुन्हा गोळा केला,
पुन्हा वळली, आणि या वेळी कळ्या
नेहमीपेक्षा नीट पाडल्या.
त्या नीट कळ्या अजून टोचतात मला,
झोपेच्या वेळी, कुशीला,
गादीत राहिलेल्या टाचणीसारख्या.
सकाळी उठून शोधते तर गादी साफ.

सुई काढली. कटरमध्ये घातली, कट्.
तेवढं एक बरं आहे आमच्या धंद्यात,
टोचलेलं पुन्हा कुणाला टोचत नाही.

कापूस ठेवला त्यांच्या हातावर.
"दाबून धरा. चोळू नका,
चोळलं की काळंनिळं होतं."
"किती वेळ?"
"दोन मिनिटं."
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.
अंगठा गच्च दाबून बसले.
मी नळ्यांवर नाव लिहिलं, वेळ लिहिली, पावती फाडली,
चप्पल घातली,
तरी अंगठा तिथंच.

जिन्यात कुणीतरी दुधावर राख टाकली होती.
कडीला रिकामी पिशवी तशीच लोंबत होती,
भोक इतकं बारीक
की बोटानं चाचपूनही सापडलं नाही.