आत ओढलेला होकार

सिर्काची पदवी ध्वनिशास्त्राची.
प्रबंध: श्वास आत ओढत म्हटलेलं ‘यो’.
पूर्व फिनलंडच्या म्हाताऱ्या असंच हो म्हणतात,
ओठांतल्या ओठांत, शब्द गिळून टाकावा तसं.
याचं पुढे काय, विचारायचे सगळे.

आता योएन्सूच्या प्रयोगशाळेत
शेजारी एक गणितवाला,
एक पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा,
आणि स्पीकरवर कुणाचा तरी मुलगा,
आईकडे पैसे मागणारा.
आलेख स्वच्छ. गणितवाला म्हणतो, खरा असावा.

सिर्का हेडफोन दाबून धरते.
आवाज मुलाचा, पण श्वास
इलोमान्त्सीच्या हिल्याचा:
चुलीजवळ, बाहेर उणे तीस,
सिर्कानंच टेप केलेला.
हिल्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

“खोटा.”
“नक्की?”
“यो.”
श्वास आत जातो
आणि तिथेच थोडा थांबतो.